चादरीच्या दुसऱ्या टोकाला साल्वातोरे

१९८४ साल. माझं वय सेहेचाळीस. लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला नऊ वर्षं झाली होती आणि माझ्याइतकी चापून चादरीची घडी तिथे कुणाला घालता येत नाही, अशी माझी समजूत होती. समजूत कसली, खरंच होतं ते. त्याआधी चौदा वर्षं बोटीवरच्या लाँड्रीत काढलेली. हलत्या बोटीवर ज्याने साहेबांच्या पांढऱ्या पँटींना इस्त्री केली, त्याला जमिनीवरच्या चादरींचं काय कौतुक! तर एका सोमवारी सुपरवायझरने माझ्यासमोर नवा माणूस आणून उभा केला. पन्नाशीचा, ठेंगणा, केस काळेभोर आणि मिशी मात्र पांढरी. मी चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली, माझी दोन धरली आणि झटका दिला. तो जागचा हलेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "गाणं सापडत नाही."

मला वाटलं, सुपरवायझरने वेडा पाठवला. त्याने डोळे मिटले, मान जरा हलवली आणि मग गायला लागला. आणि गाणं सुरू झाल्याबरोबर त्याचे हातपाय असे चालले की मलाच धावपळ करावी लागली.

आमच्या लाँड्रीत चादरी मोठ्या रोलरमधून दाबून बाहेर यायच्या, पण घडी दोन माणसांनी हाताने घालायची. चार पावलं मागे जायचं, ताणायची, मधोमध दुमडायची, मग चालत समोर यायचं आणि आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची. साल्वातोरेची गाणी या चालण्यावर बेतलेली असत. लांब असताना कडवं, जवळ आलं की ध्रुवपद. ध्रुवपदाचा शेवटचा शब्द तो अगदी माझ्या तोंडासमोर म्हणायचा. सकाळी त्याने कॉफी घेतलेली असायची, तिचा वास यायचा.

चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी म्हटलं, "हे बघ, काम करताना तोंड बंद ठेवायचं."

तो म्हणाला, "बाबू, तू तुझं बंद ठेव, मी माझं उघडं ठेवतो. दोघांचं मिळून बरोबर होईल."

माझं नाव बाबूराव. त्याने पहिल्याच दिवशी त्यातला राव काढून टाकला. मला ते आवडलं नव्हतं. पुढे घरचे सोडले तर दुसऱ्या कुणी बाबू म्हटलेलं मला आवडेना.

हा माणूस एके काळी इटलीच्या रेडिओवर वाजत होता, हे मला वर्षभराने कळलं. त्याने सांगितलं नाही. त्यांच्या इटालियन क्लबातल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. मी साल्वातोरेला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो. ते माझं आजारपण होतं."

त्याचा बाप नेपल्सच्या खाली कुठल्याशा गावात मासे मारायचा. हा गिटार वाजवायचा आणि रेन्झो नावाचा मित्र अ‍ॅकॉर्डियन. दोघं समुद्राकाठच्या हॉटेलात पाहुण्यांसमोर गायचे. गाणी याचीच, शब्दही याचे, चालही याची. पंचविसाव्या वर्षी त्याची एक रेकॉर्ड निघाली. कोळ्याच्या बायकोचं गाणं, ती नवऱ्यापेक्षा होडीची वाट जास्त बघते असं. ते फार चाललं. मग कंपनीने त्याला पांढरा सूट शिवला, केसांना तेल लावलं आणि दुसऱ्याची गाणी हातात दिली. एका मोठ्या कार्यक्रमात अर्धं गाणं म्हणून तो थांबला. समोरच्या लोकांना म्हणाला, "माफ करा, हे माझं नाही," आणि स्टेजवरून खाली उतरला. त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. मावशी इंग्लंडात बेडफर्डला होती, तिचा नवरा वीटभट्टीत. हाही आला आणि विटा भाजायला लागला. तिथेच रोझा भेटली, लग्न झालं, ती लेस्टरची म्हणून तो लेस्टरला आला. मला तो भेटला तेव्हा रोझा जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी म्हटलं, "सूटच तर होता, घालायचा होतास. आज मोठा माणूस असतास."

"खोट्या गाण्याला टाळ्या मिळतात, बाबू. झोप मिळत नाही."

हे बोलणं मला मानवलं. मीही बोट सोडली ती एका अधिकाऱ्याने 'सॉरी म्हण' सांगितलं म्हणून. चूक माझी नव्हती, मी म्हटलं नाही. चूक असती तरी म्हटलं नसतं, असं सुमती म्हणते. सुमती म्हणजे माझी बायको.

गाणी करणं त्याने सोडलं नव्हतं. शनिवारी इटालियन क्लबात, कुणाच्या लग्नात, बारशाला तो गायचा. लोक ते जुनं कोळ्याच्या बायकोचं एकच मागायचे. तो आधी नवं म्हणायचा, मग जुनं. "आधी भाजी, मग मिठाई." ही भाजी तयार व्हायची आमच्या चादरीवर. एक ओळ तो दिवसभर घोळवायचा. एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिला. मला त्यांची भाषा कळत नव्हती. पण ओळ बसली की मला बरोबर कळायचं, कारण त्या वेळी त्याची घडी चुकायची.

लिहीत मात्र काहीच नसे. मी चौथीतून पळालेला, मला लिहिणाऱ्यांचा आदर. मी सांगायचो, लिहून ठेव. तो म्हणायचा, "लिहिलेलं गाणं म्हणजे बर्फातला मासा. खाता येतो, पण डोळे बघ त्याचे!"

माशांवरून आमची खरी दोस्ती झाली. लेस्टरच्या मार्केटात आम्ही दोघं शनिवारी सकाळी एकाच दुकानासमोर बांगड्यांचे कल्ले उघडून बघत उभे. मी त्याला घरी आणला. सुमतीने बांगड्याचं तिखलं केलं. त्याने खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाला, "सिन्योरा, अप्रतिम. पण यात मासा होता का?" पुढच्या शनिवारी त्याने आमच्याच स्वयंपाकघरात नुसतं लिंबू, तेल आणि लसूण घालून बांगडा भाजला. सुमती म्हणाली, "भावजी, हे आजाऱ्याचं जेवण." तेव्हापासून ती त्याला सालभावजी म्हणायला लागली, आणि दोघांनी एकमेकांच्या जेवणाला नावं ठेवत ते पोटभर खाल्लं.

१९८९ साली त्याचा घसा बसला तो उघडेना. आमच्याच हॉस्पिटलात घशाचे डॉक्टर साठे होते, पुण्याचे. त्यांनी तपासलं आणि मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलं. "बाबूराव, कॅन्सर आहे, आणि तुमचा मित्र ऐकत नाही हो. ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, पण व्हॉइसबॉक्स काढावा लागेल. आवाज राहणार नाही. नाही केलं तर वर्षभर, फार तर."

मी साल्वातोरेच्या घरी गेलो. तो म्हणाला, "आवाज गेल्यावर जगणारा तो कोण? मी त्याला ओळखत नाही."

मी काही समजूत घालणारा माणूस नाही. मला राग आला. म्हटलं, "तू स्वतःला गवई समजतोस होय? गवई गल्लोगल्ली मिळतात. तुझा आवाज तसा काही फार ग्रेट नाही. गाणी करणं ही तुझी कला. ती घशात असते का?"

त्याने विचारलं, "माझा आवाज ग्रेट नाही?"

"नाही."

"पाच वर्षांत आज सांगतोस?"

"पाच वर्षांत तू विचारलं नाहीस."

तो हसला, आणि ऑपरेशनला कबूल झाला. पण अट घातली. आधी सगळी गाणी भरून ठेवायची. रेन्झोचा आता नेपल्सला छोटा स्टुडिओ होता. तो कधीपासून मागे लागला होता, नवी गाणी पाठव, कुणाकडून तरी गाऊन घेऊ. "कॅसेट म्हणजे डबाबंद मासा," साल्वातोरे म्हणाला, "पण उपाशी मरण्यापेक्षा बरा."

तीन रविवार दुपारी तो आमच्या स्वयंपाकघरात बसला. समोर माझा टू-इन-वन, सुमतीने फ्रीजसुद्धा बंद केलेला. बसक्या आवाजात, गिटारवर, त्याने बावीस गाणी म्हटली. नव्वद मिनिटांची एक कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. सुमती म्हणाली, "अहो, दुसरीवर उतरवून घ्या. आणि वर नाव तरी लिहा." मी म्हटलं, "मला कळतं."

इथे आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. माझा मोठा भाऊ, दादा, दापोलीकडे गावी असतो. तोही माझ्यासारखाच, लिहिण्यावाचण्यात कच्चा. बोटीवर होतो तेव्हापासून आमची पत्रं कॅसेटवर. मी बोलून कॅसेट पाठवायची, दादाने ती ऐकायची, आणि त्याच कॅसेटवर स्वतःचं उत्तर भरून परत पाठवायची. मी ते ऐकून पुन्हा त्यावरच बोलायचं. आमच्याकडच्या बोटीवरच्या पुष्कळ लोकांची हीच रीत होती. एक कॅसेट पाच-पाच वर्षं समुद्रावरून ये-जा करायची.

साल्वातोरेचं ऑपरेशन झालं, नीट झालं. त्याच आठवड्यात मी दोन पाकिटं पोस्टात टाकली. दोन्ही पत्ते मीच लिहिले, चित्रासारखे बघून बघून, कुणाला हात लावू दिला नाही. एक नेपल्सला, एक गावी. कॅसेटी दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातल्या.

महिन्याने साल्वातोरे आमच्या घरी आला. मानेला रुमाल, गळ्यात दोरीने वही अडकवलेली. त्याला आता जे बोलायचं ते तो इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहायचा, कारण बारीक अक्षर मला लागत नाही. त्याच्या हातात रेन्झोचं पत्र होतं, आमच्यासाठी इंग्रजीत उतरवलेलं. रेन्झोने लिहिलं होतं: कॅसेट मिळाली. त्यात एक गृहस्थ चाळीस मिनिटं बोलतात. मी आणि माझ्या बायकोने दोनदा ऐकलं. कळलं काही नाही, पण त्यांचा गुडघा दुखत असावा.

वहीवर साल्वातोरेने लिहिलं होतं: गाणी कुठे आहेत?

पाकिटांत कॅसेटींची अदलाबदल झाली होती. पण तोंडाने मी म्हटलं, "आहेत. गावी आहेत. दादाकडे जिवापाड सांभाळलेली असतील." आणि तो गेल्या गेल्या धावत जाऊन तार केली. कॅसेट पुसू नकोस.

तार पोचायच्या आधीच दादाची कॅसेट निघालेली होती. चार दिवसांनी ती दारात पडली. सुमतीने लावली. दादाचा आवाज आला. "बाबू, कॅसेट पोचली रे. पन तू बोल्लासच नाय. कोन सायब गातोय? गळा बरा हाय त्याचा, जरा बसलाय, त्याला जेष्ठमध दे. आमी समद्यांनी ऐकली, वहिनी तर दोनदा रडली. बरं, आता ऐक. कॅसेट नव्वद मिन्टांची हाय, फुकट कशाला घालवायची, म्हनून आज समद्यांना बोलावलंय..."

आणि सगळे बोलले. वहिनी बोलली, शेजारचा बाळू बोलला, मोडलेली कौलं बोलली, व्यालेली गाय बोलली. पहिली बाजू संपली, दुसरी सुरू झाली. अगदी शेवटी दादा म्हणाला, "बरं, ठेवतो," आणि खट्ट झालं. त्यानंतर दीड-दोन मिनिटं साल्वातोरे गायला. एका गाण्याचं शेवटचं कडवं. मग कॅसेटची पट्टी संपली.

आठ दिवस मी त्याच्या घराकडे फिरकलो नाही. सुमती रोज म्हणायची, "अहो, जाऊन सांगा." मी म्हणायचो, "चूक दादाची. ऐकल्यावर कळू नये माणसाला, हे जपून ठेवायचं आहे?" ती म्हणायची, "पाकिटं कुणी भरली?" मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, टू-इन-वन काखेत मारून मी गेलो. काही न बोलता कॅसेट लावली. साल्वातोरेने ती सगळी ऐकली. नव्वद मिनिटं मराठी. मधेमधे बोट वर करून विचारायचा, आणि मी सांगायचो, ही वहिनी, ही गाय. शेवटी त्याचाच आवाज आला तेव्हा त्याने हात पुढे केला, जसं काही पट्टी संपताना धरता येईल. मग वहीवर लिहिलं: सगळी?

मी मान हलवली. म्हटलं, "दादाने पुसली."

तो उठला आणि खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला. रडणाऱ्याचा आवाज येतो, शिव्या देणाऱ्याचा येतो. त्याच्यापाशी आता काहीच नव्हतं. खोलीत इतकं शांत होतं की मला ते सहन होईना. आणि मी ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ, पण माझ्या तोंडातून गाणं बाहेर पडलं. त्या पहिल्या सोमवारचं. त्याच्या भाषेत, ज्यातला एक शब्द मला कळत नव्हता.

तो वळला. मी एक कडवं, ध्रुवपद म्हटलं आणि दुसऱ्या कडव्याशी अडलो. पुढचं येईचना. मी चादर धरल्यासारखे हात हवेत धरून उभा. त्याने माझ्या हातांकडे बघितलं, आत गेला, पलंगावरची चादर ओढून आणली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. चार पावलं मागे गेला. चादर ताणली गेली आणि दुसरं कडवं आलं.

सहा शनिवार आम्ही तेच केलं. पाच वर्षं, रोज आठ तास जे कानावर पडलं होतं, ते सगळं आत होतं. माझा उच्चार चुकला की तो चादरीला हिसका द्यायचा. सूर चुकला की दोन हिसके. एकदा इतके हिसके दिले की चादर फाटली. मी म्हटलं, "तुझ्या गाण्यात दोष आहे." त्याने लिहिलं: गाढवा, पुन्हा. बावीसपैकी एकवीस गाणी निघाली. एक काही केल्या आलं नाही. आई गेली तेव्हा मी महिनाभर गावी गेलो होतो, ते गाणं त्या महिन्यातलं. त्याने खूप आठवून शब्द लिहिले, पण गिटारवर तो नुसती साथ धरायचा, चाल मला कोण सांगणार? मला फार लागलं. त्याने लिहिलं: आमच्याकडे जाळ्यातला पहिला मासा समुद्राला परत देतात. आणि वही मिटली.

ही कॅसेट त्याने स्वतः पोस्टात टाकली, दोन प्रती करून. रेन्झोचं उत्तर आलं ते साल्वातोरेने इंग्रजीत उतरवलं आणि सुमतीकडून मोठ्याने वाचून घेतलं. 'हा कोण गातोय? बोकड बरा. पण गाणी तुझीच, यात शंका नाही.' साल्वातोरेचे खांदे हलत होते, आवाज नाही, डोळ्यांतून पाणी. सुमती म्हणाली, "बोकड म्हणाले हे नशीब. मी लग्नापासून ऐकतेय."

१९९२ साली रेकॉर्ड निघाली. नेपल्सची एक तरुण मुलगी गायली होती. वरती साल्वातोरेचं नाव आणि मिशीसकट फोटो, पांढरा सूट नाही. एका रविवारी दुपारी इटालियन क्लबात सगळ्यांनी ती ऐकली. या वेळी जुनं गाणं कुणी मागितलं नाही, नवीनच पुन्हा लावा म्हणाले. रेन्झो मुद्दाम आला होता. आल्याबरोबर त्याने विचारलं, "बोकड कोण?" साल्वातोरेने बोट दाखवलं आणि सगळा क्लब माझ्याकडे बघून उभा राहिला. मी कोटाचं बटण लावलं. लेस्टरच्या आमच्या मराठी मंडळात डॉक्टर लोकांच्या बायका मला 'ते लाँड्रीवाले' म्हणतात. त्या दुपारी त्या तिथे असायला हव्या होत्या.

जेवताना साल्वातोरेने वही पुढे केली: दादाने ऐकली का रेकॉर्ड?

मी म्हटलं, "आमचं बोलणं नाही." तीन वर्षं मी दादाला कॅसेट पाठवली नव्हती. त्याच्या दोन आल्या, त्या मी लावल्या नाहीत. सुमती स्वयंपाकघरात दार लावून ऐकायची. "त्याने तुझी गाणी पुसली," मी म्हटलं.

साल्वातोरेने लिहिलं. खूप वेळ लिहीत होता, पण होती एकच ओळ: तो पत्राला उत्तर देत होता.

मी पान उलटून दिलं. म्हटलं, पास्ता गार होतोय. त्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतरची तीन वर्षं फार चांगली गेली. लाँड्रीतून दोघंही सुटलो. शनिवारी मार्केट, मग आमच्याकडे जेवण. तो टेबलावर बोटांनी ठेका धरून गाणी करायचा, मी चाचपडत चाल म्हणून दाखवायचो, ती बसेपर्यंत तो नाक मुरडायचा. अशी आणखी सात गाणी झाली. मला ती सातही फार आवडतात, त्यांत माझाही थोडा हात आहे, कुणी मानो न मानो.

१९९५ च्या ऑक्टोबरात तो गेला. खुर्चीत, दुपारच्या झोपेत, मांडीवर वही. वहीत बांगड्यांचा भाव लिहिलेला. चर्चमध्ये त्या मुलीने गायलेली गाणी लावली, आणि शेवटच्या गाण्याला फादरने मला खूण केली. मी उभा राहून म्हटलं. बोकडासारखंच म्हटलं असेल. मागच्या रांगेतून डॉक्टर साठे येऊन माझा हात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलग्रेव्ह रोडवरचं कॅसेटचं दुकान उघडायच्या आधीच मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि दोन तासांची एक कोरी कॅसेट घेतली. घरी येऊन त्यावर सगळी गाणी उतरवली. सुरुवातीला जागा ठेवली होती, तिथे बोललो. "दादा, मी बाबू. पाकिटं मी भरली होती, चूक माझी. ज्याचा गळा बसलेला होता तो माझा मित्र काल पुरला. ही त्याची गाणी. वहिनीला ऐकव. ऐकून झाली की हवं तर यावरच उत्तर भर. मला पाठ आहेत."